काचपेटीतली मुरी

आम्ही नागपूरच्या सक्करदऱ्याहून बोलतोय. आज कर्ज, हप्ता, वही हे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवू या. आज आम्ही तुम्हाला एका माशाची गोष्ट सांगणार आहोत. मासा केवढा, तर दोन इंचांचा. पण त्याच्यापायी आमच्या गटात तीन सभा झाल्या, एक भांडण झालं आणि हातातला एक सौदा आम्ही सोडून दिला. का सोडला, ते ऐका.

आमच्या गटातल्या पाच जणींनी रंगीत मासे पाळायचं काम सुरू केलं आहे. गटातून कर्ज घेतलं, सहा काचपेट्या घेतल्या, हवेचे पंप घेतले. गप्पी, मोली असे सोपे मासे वाढवायचे आणि दुकानदारांना द्यायचे. घरातल्या घरात होणारं काम आहे. पाणी बदलायचं, खाणं घालायचं, पिल्लं वेगळी करायची. नळाचं पाणी लगेच टाकायचं नाही, बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. हे सगळं आम्ही चुका करत करतच शिकलो.

एकदा एका व्यापाऱ्याकडून माशांची पिशवी आली. पिशवीत पाणवनस्पतीही होती. मासे पेटीत सोडले, वनस्पती वाळूत खोचली. दुसऱ्या दिवशी रात्री आमच्यातली एक जण पंप बघायला उठली. दिवा लावला तर पेटीच्या तळाशी काहीतरी सरकलं. मातकट रंग, अंगावर काळसर ठिपके, तोंडाला मिशा. तिला वाटलं, सापाचं पिल्लू आलं. तिने सगळ्यांना उठवलं.

सकाळी बघतो तर काहीच नाही. सगळी पेटी धुंडाळली. शेवटी वाळूतून दोन डोळे तेवढे वर दिसले. साहेब वाळूत गाडून घेऊन बसले होते.

मग सुरू झाले अंदाज. एक म्हणाली, मिशा आहेत म्हणजे मांगूरचं पिल्लू आहे, उद्या मोठं होईल आणि सगळे मासे खाईल, आजच काढा. दुसरी म्हणाली, वामीचं पिल्लू आहे. तिसरी म्हणाली, हा काच साफ करणारा मासा आहे, दुकानात मिळतो तो, राहू द्या. तेवढ्यात तो मासा सरसर वर आला, पाण्यावर तोंड काढून हवा घेतली आणि पुन्हा खाली गेला. त्याच्या मागून एक बुडबुडा सुटला. चौथी म्हणाली, तो मरायला टेकला आहे, सक्करदऱ्याच्या तलावात सोडून या म्हणजे पुण्य लागेल.

मैत्रिणींनो, बघा. माशाचं नाव माहीत नव्हतं, तर चार जणींचे चार निर्णय झाले. एकीने त्याला मारला असता, एकीने सोडला असता, एकीने तसाच ठेवला असता. नाव कळल्याशिवाय कोणता निर्णय बरोबर ते कसं ठरणार?

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, ढिवर समाजातलं. लहानपण तलावाच्या काठावर गेलं. त्या दुपारी आल्या, चष्मा लावून वाकून बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, "अवं बाई, हे तं मुरी होय! आमच्या बोडीत लय राहे. हातात नोका धरू तिला, डोळ्याखाली काटा रायते तिच्या."

आम्हाला खरं वाटेना. डोळ्याखाली कुठे काटा असतो का? काकू म्हणाल्या, "जाळीनं काढशील तं जाळीतच अटकून राहीन. वाटीनं काढ." मग आम्ही वाटीने काढून तिला काचेच्या बरणीत घेतलं. बरणीच्या मागे पांढरा कागद लावला, बाजूला फुटपट्टी उभी केली आणि मोबाइलवर फोटो काढले. एक बाजूने, एक वरून, एक तोंडाचा जवळून. फोटो मोठा करून बघितला तर डोळ्याच्या खालीच बारीक काटा दिसला. एरवी तो कातडीच्या खाचेत बसलेला असतो. धोका वाटला की ती तो बाहेर काढते. काकूंचं म्हणणं अगदी खरं निघालं.

ते फोटो आम्ही मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका ताईंना दाखवले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण पावसाळ्यात धानाच्या बांधीत, नाल्यात, बोडीत हे मासे तुमच्याही समोर येतात.

त्या म्हणाल्या, रंगावरून मासा ओळखायचा नाही. एकाच जातीचा मासा गाळात काळसर दिसतो, वाळूत फिका दिसतो. आधी चार गोष्टी बघायच्या. मिशा किती, डोळ्याखाली काटा आहे की नाही, शेपटी कशी आहे, आणि अंग कसं आहे. व्यापारी या सगळ्यांना एकच नाव देतात, लोच. पण त्यात निरनिराळी घराणी आहेत.

पहिलं घराणं आमच्या काचपेटीतल्या मुरीचं. तोंडाजवळ आठ मिशा, डोळ्याखाली दोन टोकांचा काटा, शेपटीचा काठ साधारण सरळ किंवा गोलसर, दुभंगलेला नाही. वाळूत किंवा गाळात घुसून बसायची सवय. शास्त्रात या गटाला लेपिडोसेफॅलिक्थिस म्हणतात. नाव जिभेला जड आहे, पण मासा आपल्या तळ्यातला आहे.

दुसरं घराणं दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यातलं. त्यांना सहाच मिशा असतात आणि डोळ्याखाली काटा नसतो.

तिसरं घराणं बोटिया. डोळ्याखाली काटा असतो, पण अंग जरा उंच असतं आणि शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली असते. अंगावर बहुधा ठळक पट्टे असतात.

आणि चौथा दुकानात मिळणारा कुहली. तो खरोखर सापासारखा लांब असतो, अंगावर पट्टे असतात आणि पाठीवरचा पर पार मागे, शेपटीकडे असतो. तो आपल्याकडचा नाही, आग्नेय आशियातून येतो.

आता मांगूर कसा वेगळा? मांगूरचं डोकं चपटं आणि रुंद असतं, मिशा लांबलचक असतात आणि छातीच्या पराला काटा असतो. मुरीच्या मिशा आखूड, तोंड लहान आणि खालच्या बाजूला. वामीचं तोंड टोकदार असतं, तिला अशा मिशाच नसतात. एवढं बघितलं तरी निम्मा घोटाळा मिटतो.

आमच्या मुरीबद्दल त्या ताई म्हणाल्या, "घराणं नक्की सांगते. पण त्या घरातली नेमकी कोण, हे फोटोवरून सांगणार नाही." आम्हाला हे फार आवडलं. शिकलेलं माणूससुद्धा जेवढं दिसलं तेवढंच बोललं.

आणि पाण्यावर येऊन हवा घेते त्याचं काय? ती मरत नव्हती. या माशांना हवा गिळून आतड्यातून प्राणवायू घेता येतो. उरलेली हवा मागून बुडबुड्यासारखी बाहेर जाते. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटलं, गढूळ झालं तरी हा मासा तग धरतो. पण काचपेटीत ती सारखी सारखी वर यायला लागली, तर पाणी खराब झालं आहे असं समजून ते थोडं बदलायचं. म्हणजे एका अर्थी ती आपल्याला पाण्याची खबर देते.

आता भांडणाकडे येतो.

महिनाभराने एक व्यापारी आमच्याकडे आला. त्याने मुरी बघितली आणि म्हणाला, "तुमच्या गावाकडच्या तलावांत असे मासे असतील ना? पावसाळ्यात आणून द्या. दोनशे-तीनशे आणा, जास्त आणा. भाव चांगला देतो." मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. पिवळसर अंगावर बारीक काळे पट्टे असलेला सुरेख मासा. म्हणाला, "यातलं काही मिळालं तर आणखी भाव."

मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलायचं, आमचे डोळे चमकले. कर्जाचे हप्ते चालू होते. मोलीची एक खेप त्या महिन्यात मेली होती. एकीच्या मुलीची फी भरायची होती. दोघी म्हणाल्या, तळ्यातला मासा फुकटचा आहे, लोक तो खातात, आपण विकला तर काय बिघडलं? दोघी म्हणाल्या, आधी विचारून घेऊ. आवाज चढले. सभा अर्ध्यातच मोडली.

दुसऱ्या सभेला आम्ही त्या ताईंना बोलावलं. त्यांनी पट्ट्यांच्या माशाचा फोटो बघून सांगितलं, हा बोटिया स्ट्रायटा. १९२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. हा विदर्भातला नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत तो राहतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. आणि जागतिक यादीत त्याची नोंद धोक्यात आलेली जात अशी आहे.

मग त्यांनी एक आकडा सांगितला, तो ऐकून सगळ्या गप्प झाल्या. २००५ ते २०१२ या आठ वर्षांत भारतातून धोक्यात आलेल्या ३० जातींचे गोड्या पाण्यातले किमान १५ लाख मासे काचपेट्यांसाठी परदेशी गेले, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. त्यात सगळ्यात मोठा वाटा ज्या तीन प्रकारच्या माशांचा होता, त्यातला एक हा बोटिया. हे बहुतेक मासे पाळून वाढवलेले नव्हते, नदीतून धरलेले होते.

एकीने विचारलं, "पण आपली मुरी तर साधी आहे ना? ती तर भरपूर आहे." ताई म्हणाल्या, हो, या घराण्यातल्या आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या जाती धोक्यात नाहीत. पण तुम्ही जाळं टाकाल तेव्हा त्यात फक्त साधीच मुरी येईल कशावरून? चार घराणी एकत्र आली तर तुम्ही वेगळी कराल का? व्यापाऱ्याला तर सगळं लोचच आहे.

तेव्हा काकू बोलल्या. त्या सभेत फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, "आमी खायाले धरत होतो, वाटीभर. पहिल्या पुराच्या पाण्यात ते अंड्यावर रायते. तवाच सारी धरून नेली तं पुढच्या साली काय दिसन? अन् तलाव कोणाचा हाय? सोसायटीचा. तिले इचारल्याबिगर टोपलं भरून नेसान काय?"

काकूंचा हा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आपल्याकडे पुष्कळ तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यावर ढिवर कुटुंबांची चूल चालते. तळ्यातला मासा फुकटचा नसतो. त्याच्यावर आपल्याच बहिणींचा हक्क असतो.

तिसऱ्या सभेत आम्ही ठराव केला आणि वहीत लिहिला. ज्या माशाचं नाव आणि ठिकाण माहीत नाही, तो विकत घ्यायचा नाही आणि विकायचाही नाही. तळ्यातून, नदीतून मासे धरून काचपेटीसाठी द्यायचे नाहीत. आपण स्वतः वाढवलेलेच मासे विकायचे.

व्यापाऱ्याला नाही म्हटलं. तो पुन्हा आला नाही. त्या महिन्याचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. आमच्यातली एक जण नाराज होऊन मासे पाळण्याच्या कामातून बाजूला झाली. तिची अडचण खरी होती, म्हणून आम्ही तिला दोष देत नाही. गटात ती अजून आहे आणि तिच्या मुलीच्या फीसाठी गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं. ठराव करणं सोपं असतं, त्याची किंमत एकट्या बाईवर पडू द्यायची नाही, हेही आम्ही त्यातून शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माशाच्या नावाचं एवढं काय? तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट जुनी आहे. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी दख्खनमध्ये होता. त्याने इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची माहिती लंडनला छापली. माशांना नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावं उचलली. त्यातल्या एका छोट्या माशाचं नाव त्याने ठेवलं मूरेह. आपल्या मुरीचंच नाव ते, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. तो मासा वाहत्या पाण्यातल्या घराण्याचा, म्हणजे आमच्या मुरीचा चुलत भाऊ म्हणा. आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ त्या माशाबद्दल लिहितो तेव्हा हा मराठी शब्द लिहितो. साइक्सला तो शब्द सांगणारे मासे धरणारे लोक कोण होते, हे मात्र कुणाला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट अलीकडची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथे महादेवाचं मंदिर आहे आणि पाण्याचं कुंड आहे. त्या कुंडात एक छोटा मासा आहे, लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२० मध्ये जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यन यांनी जाहीर केलं की ही जात शास्त्राला नवीन आहे. तिला नदीचं नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. हाही त्या सहा मिशांच्या घराण्यातलाच. नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने मंदिर आणि कुंडाचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी उत्तर सह्याद्रीतून या घराण्यातल्या आणखी दोन नव्या जातींची नोंद झाली.

बघा, मासा तोच होता, कुंड तेच होतं. नोंद झाली आणि त्या जागेला संरक्षण मिळालं. ज्याची नोंद नाही ते नाहीसं झालं तरी कुणाला कळत नाही. आपल्या बायकांच्या कामाचंही असंच होतं ना? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून शेतात राबली तरी ती कास्तकार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. २००४ च्या नियमांत सांगितलं होतं की या समितीवर नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या गावची नोंदवही कुठे आहे? त्यात आपल्या तळ्यातले मासे लिहिले आहेत का? कोणत्या नावांनी लिहिले आहेत? गावातल्या म्हाताऱ्या काकूंना, आजींना विचारून लिहिले आहेत का? मुरीला तुमच्या गावात आणखी काही नाव असेल तर तेही त्यात यायला हवं.

आणि ज्यांच्या घरी काचपेटी आहे, त्यांनी एवढं सांभाळा. अनोळखी मासा आला तर घाबरून मारू नका. त्याला आधी वेगळ्या बरणीत काढा, जाळीने नाही, वाटीने काढा. वर सांगितलं तसे फोटो काढा, मिशा मोजा, शेपटी बघा. ज्याला कळतं त्याला दाखवा. आपल्या नागपुरात तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. गावात ढिवर काकू आहेत. आम्ही तर म्हणू, आधी काकूंकडे जा.

मुरी निघाली तर तळाला बारीक वाळू घाला. टोकदार खडीने तिच्या मिशा झिजतात, आणि मिशांनीच ती खाणं शोधते. लपायला एखादं कौल किंवा फुटकं मडकं उपडं ठेवा. पेटीवर झाकण ठेवा, ती उडी मारते. इतर मासे आजारी पडले आणि औषध टाकायची वेळ आली तर तिला आधी बाहेर काढा. तिचे खवले फार बारीक असतात, औषध तिला लवकर बाधतं. आणि ती घाण खाते म्हणून तिला उपाशी ठेवू नका. तिला रात्री, तळाशी जाईल असं खाणं घाला.

शेवटचं आणि महत्त्वाचं. काचपेटीतला कोणताही मासा तलावात, विहिरीत, नदीत सोडू नका. तो आपल्या तळ्यातला असला तरी नाही. पिशवीतून तो कुठून आला, त्याच्याबरोबर कोणते रोग आले, कळत नाही. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा बाहेरच्या देशातला आहे. लोकांनी मोठा झाला म्हणून तलावात सोडला आणि आज देशात किती तरी ठिकाणी मासेमाराच्या जाळ्यात खायच्या माशांऐवजी तोच भरतो, जाळी फाडतो. आपण पुण्य म्हणून सोडतो आणि नुकसान दुसऱ्याच्या चुलीचं होतं.

आमची मुरी अजून आमच्याकडेच आहे. दिवसभर वाळूत असते, रात्री फिरते. गटात नवीन बाई आली की काकू तिला बरणीजवळ नेतात आणि विचारतात, "सांग पाहू, हे काय होय?" ती चुकली की काकू तिला मिशा मोजायला लावतात.

तुमच्या गावात या माशाला काय म्हणतात, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी आपण ती सगळी नावं वाचून दाखवू. चला तर, आता येतो. नमस्कार.